जर्मन क्लास ५२ इंजिनाचे इतके प्रकार का, आणि मॉडेल कोणतं घ्यावं?

दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन क्लास ५२ हे मालगाडीचं इंजिन प्रत्येक फोटोत वेगळं का दिसतं, आणि एचओ स्केलचं (म्हणजे १:८७ मापाचं) एकच मॉडेल घ्यायचं तर कोणतं घ्यावं, असं तुम्ही विचारलं आहे. उत्तर लांबणार आहे. याच इंजिनाचं नाव घेऊन १९९४ साली भर मीटिंगमध्ये मला गप्प बसवलं होतं.

आधी तुमचं काम. इंजिन सोडा, टेंडर बघा, म्हणजे इंजिनामागचा पाण्या-कोळशाचा डबा. पाण्याची टाकी आडव्या ठेवलेल्या अर्ध्या पिंपासारखी गोल पोटाची असेल तर तो टब टेंडर. त्याला खाली वेगळी चासी नाही, टाकीच सगळा भार घेते. ३० घनमीटर पाणी आणि १० टन कोळसा. ज्या क्लास ५० वरून हे इंजिन काढलं, त्याच्या नेहमीच्या टेंडरमध्ये २६ घनमीटर आणि ८ टनच मावायचं. बोगी नसून चारही ॲक्सल एकाच ताठ चासीत असतील तर तो व्हिएन्नाच्या फ्लोरिड्सडॉर्फ कारखान्याचा टेंडर. आणि टेंडर लांबलचक, वर पंखे, असं दिसलं तर ते हेन्शेल कंपनीचं कंडेन्सिंग इंजिन. वापरलेली वाफ धुराड्यातून सोडून न देता टेंडरमध्ये थंड करून तिचं परत पाणी करायचं. रशियातल्या पाणी नसलेल्या पट्ट्यात एका भरणीवर हजार किलोमीटरपर्यंत जाता यावं, हा हेतू. धुराड्यात वाफेचा झोत नाही, म्हणून भट्टीला हवा ओढायला टर्बाइनवर चालणारा पंखा. त्यामुळे या इंजिनाला फुकफुक आवाज नसे, घोंघावणं असे.

बाकी फरक असे: क्लास ५० च्या केबिनला प्रत्येक बाजूला दोन खिडक्या, ५२ ला एकच. सुरुवातीच्या ५२ ची फ्रेम जाड पोलादातून कापलेली, नंतरच्यांची पत्रे वेल्ड करून केलेली. धूर वर नेणारे बाजूचे पत्रे आधी काढून टाकले, मग छोट्या आकाराचे परत आले. सहा हजारांहून जास्त इंजिनं, बनवणारे कारखाने अनेक, युद्ध चालू असताना ड्रॉइंग बदलत राहिलेलं, आणि युद्धात व युद्धानंतर ती पोलंड, सोव्हिएत युनियन, तुर्कस्तान, नॉर्वे, युगोस्लाव्हिया अशी विखुरली. जो तो आपल्या सोयीने बदल करत गेला. सगळी सारखी दिसली असती तरच नवल.

आता माझं.

मी पिंपरीजवळच्या एका कारखान्यात मशीन डिझाइनला होतो. आम्ही गिऱ्हाइकाच्या जॉबप्रमाणे स्पेशल मशीन बनवायचो. एका बोअरिंग मशीनची (भोक मापात कापणाऱ्या मशीनची) किंमत कमी करायची होती. साहेबांनी सांगितलं, स्लाइडची, म्हणजे सरकत्या भागाची, टेपर गिब (झीज झाली की स्क्रूने आवळायची निमुळती पट्टी) काढा, स्लाइड थेट फिट करा. एक पट्टी वाचेल, दोन स्क्रू वाचतील, फिटरचं अर्ध्या दिवसाचं स्क्रेपिंग वाचेल. मी म्हटलं, साहेब, झीज झाल्यावर पडलेली फट कशाने काढायची? तेव्हा त्यांनी क्लास ५२ चं उदाहरण दिलं. क्लास ५० मध्ये सहा हजारांच्या आसपास भाग होते, जर्मनांनी त्यातले हजार सरळ काढून टाकले, तीन हजार सोपे केले, दर इंजिनाला २६ टन माल वाचवला. "आणि तुम्हाला एक पट्टी काढवत नाही?" सगळे हसले. आकडे बरोबर होते, त्यामुळे माझ्याकडे उत्तर नव्हतं. ड्रॉइंगवर मीच सही केली. ती सही मला आजही डाचते.

मशीन साताऱ्याला गेलं. दीड वर्षात तक्रार आली, बोअर (कापलेलं भोक) ओव्हल येतोय. मी आणि आमचे एक जुने फिटर, ज्यांना सगळे मामा म्हणत, रात्रीच्या गाडीने गेलो. मामांनी स्लाइडच्या कडेला फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) लावलं. ०.०५ मिलिमीटरचं पातं गेलं, ०.१० चं गेलं, ०.२० चं पण तेल लावल्यासारखं आत गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता पितळी शिम, म्हणजे फट भरायची पातळ पट्टी, कापायला घेतली. गिब असती तर स्क्रू पाव आटा फिरवून पाच मिनिटांत काम झालं असतं. आम्ही दोन रात्री तिथे काढल्या, आणि शिम लावून झालेलं काम टिकत नाही हे दोघांनाही माहीत होतं. पुढच्या वर्षी स्लाइड काढून आणली, खाच मारली आणि गिब बसवली. वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च झाला.

२००३ मध्ये कामानिमित्त सहा महिने जर्मनीत होतो. रविवारी जवळच्या एका शेडमध्ये जायचो, तिथे हौशी मंडळी जुनी इंजिनं चालू ठेवतात. एके दिवशी पिटमध्ये उतरलो. वर उभं होतं ५२.८०. म्हणजे पूर्व जर्मनीच्या रेल्वेने १९६० ते १९६७ दरम्यान श्टेंडालच्या कारखान्यात नव्याने बांधून घेतलेल्या दोनशे ५२ पैकी एक. एक म्हातारा फिटर ॲक्सल बॉक्सच्या (ॲक्सल ज्यात फिरतो त्या बेअरिंगच्या डब्याच्या) बाजूची पाचर हातोडीच्या दांड्याने ठोकून आवाज ऐकत होता. मग खालचा बोल्ट थोडा आवळला, पुन्हा ठोकलं. आवाज घट्ट झाला. मी विचारलं, ही सगळ्या ५२ ना असते? तो म्हणाला, मुळात नव्हती. युद्धात काढून टाकली होती, आम्ही परत बसवली.

नऊ वर्षांनी मला उत्तर मिळालं, तेही पिटमध्ये, डोक्यावर ८० टनांचं धूड असताना.

ॲक्सल बॉक्स फ्रेममध्ये वरखाली सरकतो, आणि पिस्टन चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात त्याला पुढे-मागे रेटतो. फट पडणारच. पाचर असली तर शेडमध्ये आवळता येते. नसली तर आधी ठोके ऐकत चालवायचं, मग वर्कशॉपला नेऊन चाकं काढायची. दोन-चार वर्षं जगलं तरी पुरे अशा इंजिनाला हे चालून गेलं असतं. पण ती इंजिनं पुढची तीस-चाळीस वर्षं चालवावी लागली. म्हणून श्टेंडालमध्ये पाचरी आल्या, नवा वेल्डेड बॉयलर आला, आणि पाणी गरम करून बॉयलरला देणारा हीटरही परत आला, जो युद्धात काढून त्या जागी नुसता दुसरा इंजेक्टर (वाफेच्या जोराने बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा) लावला होता.

साहेबांनी काय काढलं ते सांगितलं, वाढवलं काय ते सांगितलं नाही. १९४१-४२ च्या हिवाळ्यात रशियात बॉयलरबाहेरचे पाइप आणि पंप गोठून जर्मन इंजिनं रांगेने बंद पडली. त्यानंतर १९४२ च्या सप्टेंबरमध्ये बोर्झिग कारखान्याने पहिलं ५२ बाहेर काढलं, तर त्याला चहूबाजूंनी बंद केबिन होती. इतक्या काटकसरीच्या इंजिनात ड्रायव्हर आणि फायरमन थंडीने आखडू नयेत म्हणून पत्रा जास्त घातला. काढलं ते बहुतेक मशीनिंग, दुसरी खिडकी, रॉडवरची घासून आणलेली चमक. कपलिंग रॉड (चाकं एकमेकांना जोडणारा दांडा) जवळून बघा, मधला भाग ओबडधोबड तसाच सोडलाय, आणि त्याने एका किलोमीटरचंही नुकसान झालं नाही. ही काटकसर मला मनापासून आवडते. पाचर काढणं त्यात बसत नाही. जो भाग झिजणार आहे, त्याची झीज भरून काढायची सोय ही चैन नाही.

एक सांगायचं राहिलं. ही इंजिनं वेगाने तयार झाली ती कौतुकाची गोष्ट म्हणून सांगता येत नाही. कारखान्यांत पकडून आणलेले मजूर राबत होते, आणि इंजिनं आक्रमणासाठी बनत होती. मीटिंगमध्ये उत्पादनाचे धडे म्हणून ५२ चे आकडे सांगणाऱ्यांनी हेही सांगावं. आणि साहेबांच्या बाजूने एवढं म्हणतो की ठरावीक काळ चालवून मोडीत काढायच्या मशीनला त्यांचं म्हणणं लागू पडलं असतं. आमचं मशीन तसं नव्हतं.

मॉडेल एकच घ्यायचं तर ५२.८० घ्या. टब टेंडर बहुतेक मिळेलच, छोटे धूर-पत्रेही असतील. युद्धकाळातलंच हवं असेल तर धूर-पत्रे नसलेलं, बंद केबिनचं घ्या. कंडेन्सिंगचं मॉडेल देखणं असतं, पण लांब टेंडरमुळे घरच्या छोट्या वळणावर ते चालेल का, हे आधी दुकानदाराला विचारा. तुमच्या वळणाची त्रिज्या कळवलीत तर मीही सांगेन.