‘जतन पूर्ण झाले’ कसे?

विचारणा अशी आहे : ‘दुर्मीळ ग्रंथांचे डिजिटल जतन पूर्ण झाले’ हे वाक्य बरोबर का, आणि ‘जतन’ऐवजी ‘परिरक्षण’ हवे का?

वाक्य साफ चूक. अहवालामागून अहवालात ते वाचून वैताग आला आहे. संगणकीकरण, डिजिटायझेशन आणि जतन ही तीन निरनिराळी कामे. हेन्रिएट अव्हराम यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ‘मार्क’ ही नोंदपद्धत घडवली, तेव्हा तालिकापत्रांवरचा, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींच्या कार्डांवरचा, मजकूर यंत्राला वाचता येऊ लागला. पुस्तके कपाटातच राहिली. ते संगणकीकरण. पानांच्या प्रतिमा काढणे, हे डिजिटायझेशन.

आता जतन. हा शब्द म्हणजे संस्कृत ‘यत्न’च! ‘यात्रा’ची ‘जत्रा’ आणि ‘योगी’चा ‘जोगी’ झाला, तसा इथेही आरंभीच्या ‘य’चा ‘ज’ झाला. ‘रत्न’चे ‘रतन’ होताना जोडाक्षर सुटले, तसे ‘त्न’चे ‘तन’ झाले. तेव्हा जतन हे मुळातच खटपटीचे नाव आहे; खटपट थांबली की जतनही थांबले. डिजिटल साहित्यासाठी याहून नेमका शब्द कुठल्याही परिभाषा समितीला सुचायचा नाही, असे माझे ठाम मत आहे.

‘परिरक्षण’वाल्यांशी माझा वाद इथेच आहे. ‘परि’ म्हणजे सभोवार. त्यात कुंपण घालून निर्धास्त होण्याचा भाव येतो. चांगल्या कागदाला कोरडे, अंधारे कपाट पुष्कळ काळ पुरते. ॲसिटेटच्या मायक्रोफिल्मला, म्हणजे पानांची चिमुकली छायाचित्रे असलेल्या फितीला, तेवढ्याने भागत नाही. ती कुजू लागली की डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. फाइलचे तर विचारूच नका. इंग्लंडमधल्या १०८६ च्या ‘डूम्सडे बुक’ या जमीन-मालमत्तेच्या नोंदवहीला नऊशे वर्षे झाली म्हणून बीबीसीचा डूम्सडे प्रकल्प १९८६ मध्ये लेसरडिस्कवर निघाला. पंधराएक वर्षांत त्या डिस्क चालवणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि मजकूर पुन्हा वाचता यावा म्हणून जुन्या यंत्राची नक्कल करणारे सॉफ्टवेअर लिहावे लागले. त्या नोंदवहीचे मूळ हस्तलिखित मात्र आजही वाचता येते. डिस्क सुरक्षित होत्या. रक्षण झाले, यत्न राहून गेला.

स्टॅनफर्डमध्ये सुरू झालेल्या ‘लॉक्स’ व्यवस्थेत तो यत्न दिसतो. अनेक ग्रंथालयांतल्या डिजिटल प्रती वेळोवेळी एकमेकींशी ताडल्या जातात. एखादीत फरक आढळला की बाकीच्यांवरून ती दुरुस्त होते. आणि हे ताडणे कधीच संपत नाही.

अहवालात ‘स्कॅनिंग पूर्ण झाले, जतन सुरू आहे’ असे लिहावे.