परड्यातली छत्री आणि वारुळावरची अळंबी

प्रश्न : आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. पाऊस लागला की वारुळावरची अळंबी आणून खातो, आजी नुसती बघून सांगायची कुठली खायची, आता ती नाही. यंदा परड्यात शेणखताजवळ मोठ्या पांढऱ्या छत्र्या आल्यात. मोबाईलमधलं ॲप एकदा खायची म्हणतंय, एकदा विषारी. डीएनए टेस्ट केली तर नक्की कळेल काय?

उत्तर : आधी एक, त्या छत्र्या कढईत टाकू नका. डीएनएचं नंतर बघू, आधी विळ्यानं कापायच्या ऐवजी एक अख्खी बुडासकट उकरून काढा. वारुळावरच्या अळंबीचा देठ मुळासारखा खाली जातो, पार वाळवीच्या घरापर्यंत, आणि टोपीला मधे टोकदार उंचवटा असतो. देठाला बांगडीसारखं कडं असेल आणि टोपीवर तपकिरी खवले असतील तर संशय घ्या, आणि बुडाशी वाटीसारखी पिशवी दिसली तर ती टाकून हात धुऊन मोकळे व्हा.

मग रात्री देठ काढून टोपी पांढऱ्या कागदावर पालथी ठेवायची, वर वाटी झाकायची. सकाळी कागदावर बीजाणूंची रांगोळी पडलेली असते. वारुळावरचीची गुलाबीसर पडते. हिरवट पडली तर ती बहुतेक क्लोरोफायलम मोलिब्डायटिस, गवतात नि खताजवळ येणारी, खाल्ली की काही तासांत उलट्या-जुलाब. कोवळेपणी तिच्या टोपीखालच्या पाकळ्या पांढऱ्याच असतात म्हणून माणूस फसतो (लसूण काळी पडते का बघायची युक्ती सोडून द्या, तिच्यात काही अर्थ नाही).

आता डीएनए. तांदळाएवढा तुकडा पुरतो. लॅबमध्ये आयटीएस नावाचा भाग वाचतात, साधारण डीएनएच्या 500 ते 700 अक्षरांचा, 2012 मध्ये हाच बुरशी ओळखायचा बारकोड म्हणून सुचवला गेला, आणि तो जेनबँक या डीएनएच्या सार्वजनिक संग्रहातल्या नोंदींशी ताडून बघतात. पण तिथली काही नावं मुळातच चुकीची टाकलेली आहेत, जवळच्या दोन जाती आयटीएसवर वेगळ्या निघत नाहीत, मग आणखी जीन बघावे लागतात. शिवाय डीएनए नाव सांगतो, विष मोजत नाही. पाठवायचंच असेल तर आधी वरून, खालून, बुडाचा फोटो काढा, मग मंद उबेवर वाळवून ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवा. ओली प्लास्टिकात कोंबली तर सडते, आणि लॅबमध्ये तिच्यावर चढलेल्या बुरशीचंच नाव निघायचं!

आणि कुणी खाल्लीच असेल तर रिपोर्टची वाट बघत बसू नका. ॲमॅनिटा नावाच्या छत्र्यांतल्या काही जातींचं विष शिजवून जात नाही, त्रास सहा-बारा तासांनी सुरू होतो, मधे जरा बरंही वाटतं आणि तोवर लिव्हर बिघडत असतं. सरळ दवाखान्यात जा आणि उरलेली कच्ची छत्री न धुता कागदात गुंडाळून सोबत न्या.