ओहायोत घेतलेल्या जुन्या घराच्या माळ्यावर १८६० च्या सुमाराची पत्रे आणि घराची छायाचित्रे सापडली आहेत. स्कॅन करून मूळ कागद टाकून दिले तर चालेल का?

नाही, चालणार नाही. ‘टाकून दिले तर’ हे शब्द आपण सहज लिहिले असतील, पण मला ते फार ओळखीचे आहेत.

ओहायोतल्याच एका लहान गावाच्या इतिहास मंडळात मी सात वर्षे दर शनिवारी कागद लावण्याचे काम केले. तिथल्या एका जुन्या कुटुंबाने पत्रांच्या तीन पेट्या मंडळाला दिल्या. त्यांत लहानशा पुठ्ठ्यावर चिकटवलेले त्यांच्या घराचे छायाचित्र होते; पुढचा व्हरांडा त्यात स्पष्ट दिसत होता आणि पुठ्ठ्याच्या पाठीवर दोन सेंटांचे नारिंगी करतिकीट होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा खर्च भागवण्यासाठी तिथल्या सरकारने १८६४ ते १८६६ एवढीच दोन वर्षे छायाचित्रांवर कर बसवला होता. २५ सेंटांपर्यंतच्या छायाचित्राला दोन सेंटांचे तिकीट लागे आणि छायाचित्रकार त्यावर शाईने आपली आद्याक्षरे, कधी तारीखही, घालत असे. म्हणजे पुढे कुठेही साल नसले तरी पाठीवर ते चिकटवलेले होते. मी तिकीट पाहिले आणि नोंदवहीत लिहिले नाही, ही चूक माझीच.

पुढच्या शनिवारी गेले तेव्हा अध्यक्षांनी पुढची बाजू स्कॅन करवून, छायाचित्र सोडवून अल्बममध्ये लावले होते आणि पुठ्ठा कचऱ्यात गेला होता. दोन वर्षांनी घरासमोर माहितीचा फलक लागला, त्यावर व्हरांडा १८८० नंतरचा असल्याचे लिहिले होते. मी हरकत घेतली, तेव्हा अध्यक्षांनी पुरावा मागितला. फलक अजून तसाच आहे.

स्कॅनच्या बाजूने बोलताना अध्यक्ष नेहमी १८९० च्या अमेरिकी जनगणनेचा दाखला देत, कारण तिचे बहुतेक कागद १९२१ मध्ये वॉशिंग्टनमध्ये लागलेल्या आगीत आणि ती विझवताना सोडलेल्या पाण्यात खराब झाले. मात्र त्यातून उरलेले कागद नष्ट करण्याची परवानगी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, १९३३ मध्ये दिली, हे ते कधीच सांगत नसत. आगीने सोडले तेही माणसांनी घालवले.

तेव्हा स्कॅन अवश्य करा, पण पाठ आधी. पाकिटे फेकू नका, कारण पत्रात तारीख अर्धवट असली की पोस्टाचा शिक्काच कामी येतो. गठ्ठे ज्या क्रमाने बांधलेले आहेत तो क्रम मोडण्यापूर्वी टिपून ठेवा, आणि काही लिहायचेच असेल तर शिसपेन्सिलीने लिहा. सेलोटेप घरात ठेवूसुद्धा नका. चिंध्यांच्या लगद्याचा जुना कागद आपल्याला पुरून उरेल. १८६० नंतर पसरलेला लाकडाच्या लगद्याचा कागद मात्र आम्लामुळे पिवळा पडून तुटतो, तो आम्लरहित पाकिटांत घाला. निळ्या रंगाची छायाचित्रे, म्हणजे सायनोटाइप, निघाली तर त्यांना अल्कलीयुक्त कागदही चालत नाही, ती फिकटतात. माळा उन्हाळ्यात तापतो, म्हणून सर्व काही खाली आणा.

कागदांना बुरशी लागलेली असेल तर मात्र यातले काहीच करू नका. ते वेगळे ठेवून जाणकाराला दाखवा. आमचा तो पुठ्ठा खरोखरच कुजलेला होता, हेही मान्य करते. पण कुजलेला पुठ्ठा वेगळ्या पाकिटात ठेवता येतो.