वाचकांचे प्रश्न: कपाटातला डेटा बाहेर काढायचा कसा?

मागच्या अंकात आपण विचारलं होतं की गावाकडं राहून कोणी नोंदी ठेवत असेल, मोजमाप करत असेल, पीएचडीचं काम करत असेल तर ते पुढं कुठं जाते ते कळवा. पत्रं नि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज भरपूर आले. वाचून एक गोष्ट लक्षात आली, विदर्भात काम करणारे खूप आहेत पण काम कपाटात, पेनड्राइव्हमध्ये नाहीतर गाइडच्या टेबलावर अडकून पडलंय. म्हणून यावेळी सगळी जागा याच विषयाला दिली आहे.

प्रश्न: मी दर्यापूर तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. आमचं गाव खारपाणपट्ट्यात येते. शाळेतली पोरं दर महिन्याला गावातल्या विहिरी नि बोअरचं पाणी टीडीएस मीटरनं (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारं यंत्र) मोजतात आणि रजिस्टरमध्ये लिहितात. आता रजिस्टरची थप्पी झाली आहे. हे ऑनलाइन कुठं टाकता येते का, की गूगल ड्राइव्हवर टाकून लिंक वाटली तरी भागते? आणि शाळेच्या पोरांच्या आकड्यांना कोण विचारते?

उत्तर: सर, विचारणारे आहेत, आणि तुमच्याकडं जे आहे ते मोठमोठ्या संस्थांकडं नाही. केंद्रीय भूजल मंडळ पाण्याची पातळी वर्षातून साधारण चारदा मोजते आणि पाण्याचा दर्जा मुख्यतः उन्हाळ्यात तपासते, तेही ठरावीक निरीक्षण विहिरींवर. एकाच गावातल्या इतक्या विहिरी, दर महिन्याला, पावसाआधी नि पावसानंतर, असं सलग मोजणारं कोण आहे? पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत हा खारा पट्टा पसरलाय, आणि कोणत्या विहिरीचं पाणी पावसाळ्यात किती उतरते नि उन्हाळ्यात किती चढते हे कळायला तुमच्यासारख्याच नोंदी लागतात.

ड्राइव्हवर मात्र भागत नाही. तुमची बदली झाली, पासवर्ड विसरला, जागा भरली, की लिंक गेली. त्यासाठी रिपॉझिटरी असते, म्हणजे संशोधनाचा डेटा कायमचा सांभाळायसाठीच बनवलेलं ऑनलाइन भांडार. तुमच्या कामाला झेनोडो बरं पडेल. युरोपातल्या सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेनं ते २०१३ पासून चालवलंय, कोणत्याही देशातल्या कोणालाही फुकट आहे, विद्यापीठाची अट नाही आणि एका नोंदीत ५० जीबीपर्यंत माल मावते. तुमची सगळी रजिस्टरं टाइप केली तरी काही केबीच होतील, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून चढतील. टाकलं की त्याला डीओआय नावाचा एक नंबर मिळते. जमीन कोणाच्याही नावावर गेली तरी गट नंबर तोच राहते, तसा हा नंबर, वेबसाइटचा पत्ता उद्या बदलला तरी त्या नंबरावरून फाइल सापडते. पुढच्या वर्षीचे आकडे आले की त्याच नोंदीची नवी आवृत्ती काढायची, जुनी तशीच राहते.

पण टाकण्याआधी थोडी मेहनत आहे आणि ती टाळू नका, कारण नुसते आकडे चढवले तर दहा वर्षांनी ते कोणाच्याच कामाचे राहत नाहीत. रजिस्टरचे फोटो जोडा, हरकत नाही, पण खरा डेटा एक्सेलमध्ये टाइप करून सीएसव्ही फाइल करा, म्हणजे स्वल्पविरामानं रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल. एका ओळीत एक मोजणी. तारीख २०२४-०६-०७ अशी, आधी वर्ष मग महिना मग दिवस, नाहीतर ७ जून की ६ जुलै हा घोळ होतेच. ज्या महिन्यात मोजलं नाही तिथं रकाना रिकामा सोडा, शून्य टाकू नका, शून्य टीडीएस म्हणजे त्या विहिरीत डिस्टिल्ड वॉटर आहे असा अर्थ होईल.

आणि मीटरबद्दल लिहा, हे लोक हमखास विसरतात. हातातला टीडीएस मीटर क्षार थेट मोजत नाही, तो पाण्यातून वीज किती वाहते ते मोजते आणि त्याला एका गुणकानं गुणून आकडा दाखवते. हा गुणक कंपनीप्रमाणं ०.५ ते ०.७ असा काहीही असू शकते, म्हणजे त्याच विहिरीचं पाणी एका मीटरवर १००० नि दुसऱ्यावर १४०० दिसेल. म्हणून मीटरचं मॉडेल कोणतं, मध्ये कधी बदलला, मानक द्रावणानं, म्हणजे क्षार आधीच माहीत असलेल्या पाण्यानं, तपासला होता का, पाणी बादलीतून घेतलं की मोटर चालवून, हे सगळं एका वेगळ्या फाइलमध्ये साध्या भाषेत लिहून ठेवा. त्या फाइलला रीडमी म्हणतात. मीटर कधीच तपासला नसेल तर तेही लिहा. असं खरं लिहिलेल्या डेटावर भरवसा बसते.

एक गोष्ट मात्र आधी करा. विहिरी कोणाच्या तरी मालकीच्या आहेत. पिण्याच्या पाण्यातल्या टीडीएसचं भारतीय मानक ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे आणि दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात, आता एखाद्याच्या विहिरीसमोर त्याच्या नावानं त्याहून मोठा आकडा जगभर दिसला तर त्याच्या शेताच्या भावावर परिणाम होऊ शकते. म्हणून मालकांना विचारा, विहिरींना नावाऐवजी नंबर द्या, कोणी नको म्हटलं तर त्याची विहीर वगळा. पोरांची नावं टाकू नका, शाळेचं नाव टाका. आणि सर, ऑनलाइन जाण्याआधी हे आकडे एकदा ग्रामसभेत वाचून दाखवा, पहिला हक्क गावाचा आहे.

प्रश्न: मी अकोल्याला कृषी विद्यापीठात पीएचडी करतो, तुरीवर काम आहे. आमचे गाइड म्हणतात पेपर छापून येईपर्यंत डेटा कोणाले दाखवू नको, कोणी उचलून घेईन. पण मी पाहतो की बाहेरचे लोक छापायच्या आधीच सगळं ऑनलाइन टाकून देतात. त्यांचं चोरी जात नाही का?

उत्तर: भाऊ, गाइडची भीती खोटी नाही, चोऱ्या होतात. पण त्या होतात कुठं ते पाहा. कॉन्फरन्समध्ये स्लाइड दाखवली नि कोणी फोटो काढला, मित्राला मेलवर एक्सेल पाठवली, लॅबच्या कॉम्प्युटरवर फोल्डर उघडं राहिलं, इथं तुमच्याकडं पुरावा काहीच नसते. रिपॉझिटरीत टाकलं तर तुमचं नाव, तारीख आणि डीओआय असा पक्का पुरावा जगासमोर राहते. नंतर कोणी तेच आकडे आपल्या नावानं छापले तर तुम्ही तारीख दाखवू शकता.

भौतिकशास्त्रवाल्यांनी हे १९९१ मध्येच सुरू केलं. पॉल गिन्सपार्ग नावाच्या शास्त्रज्ञानं लॉस अलामोसमध्ये अर्काइव्ह काढलं, छापायच्या आधीचा लेख म्हणजे प्रीप्रिंट तिथं टाकायचा आणि सगळ्यांनी फुकट वाचायचा. ग्रिगोरी पेरेलमन या रशियन गणितज्ञानं फ्रेंच गणितज्ञ पॉइनकरेच्या जवळपास शंभर वर्षं अडलेल्या प्रश्नाचं उत्तर २००२ आणि २००३ मध्ये तिथंच टाकलं, जर्नलला पाठवलंच नाही. कोणाला ते आपलं म्हणता आलं नाही. पुढं २००६ मध्ये त्यालाच फील्ड्स मेडल जाहीर झालं, त्यानं ते घेतलं नाही ही गोष्ट वेगळी. आणि जानेवारी २०२० मध्ये चीनमधल्या शास्त्रज्ञांनी कोरोना विषाणूचा जनुकीय क्रम इंटरनेटवर खुला केला, तेव्हा मॉडर्ना या अमेरिकी कंपनीनं लशीचा आराखडा दोन-तीन दिवसांत ठरवला. तो क्रम पेपर छापून येईपर्यंत कोणी दाबून ठेवला असता तर काय झालं असतं?

तुमच्यासाठी मधला रस्ताही आहे. झेनोडोवर डेटा आज चढवून अमुक तारखेपर्यंत बंद ठेवता येते, त्याला एम्बार्गो म्हणतात. तोवर नाव नि वर्णन दिसते, फाइल उघडत नाही, त्या तारखेला आपोआप खुली होते. गाइडला हे सांगा, बहुतेक ते मानतील. ज्या जर्नलला पेपर पाठवायचा आहे त्याचं प्रीप्रिंटबद्दल धोरण काय ते आधी वाचा, बरीच जर्नल्स चालवून घेतात, काही नाही. पेटंट घेण्यासारखं काही सापडलं असेल, एखादं फॉर्म्युलेशन नाहीतर यंत्र, तर आधी पेटंटचा अर्ज आणि मगच डेटा, कारण एकदा जाहीर केलं की ते नवीन राहत नाही आणि पेटंट अडते. आणि टाकताना नीट विचार करून टाका, प्रसिद्ध झालेली नोंद मनात आलं तेव्हा पुसता येत नाही.

थीसिस तर तसाही खुला होणारच आहे. यूजीसीच्या नियमानं विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन भांडारात जातात, कृषी विद्यापीठांचे कृषिकोश या भांडारात. पण प्रबंधात आकडे पीडीएफच्या तक्त्यात बंद असतात, सरासरी काढून. प्लॉटनिहाय मूळ आकडे वेगळे टाकले तर दुसरा कोणी तुमच्या तुरीचे नि बदनापूरच्या संशोधन केंद्रातल्या तुरीचे आकडे एकत्र करून काही नवीन काढू शकते. माझं स्पष्ट मत आहे की सरकारी पैशानं झालेल्या प्रयोगाचे मूळ आकडे लपवून ठेवायचा हक्क कोणालाच नाही, फार तर पेपर होईपर्यंत थांबा.

प्रश्न: आमी यवतमाळ जिल्ह्यातले कापूस उत्पादक. दरसाली कोणी ना कोणी येते, बोंडं तोडून नेते, माती नेते, फॉर्म भरून घेते, फोटो काढते. मंग पुढं काय झालं ते आमाले काहून समजत नाही? आमाले ते वाचता येते का?

उत्तर: काका, येते, आणि तुमचा राग रास्त आहे. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं जे केलं ते तुम्ही शेतात पाहिलं, त्यावर पुढं किती तरी अभ्यास झाले, पण ज्यांच्या शेतातली बोंडं नेली त्यांना कोणी परत येऊन सांगितलं नाही.

घरातल्या शिकणाऱ्या पोराला सांगा की मोबाइलवर कृषिकोश नाहीतर शोधगंगा उघड नि गुलाबी बोंडअळीचं इंग्रजी नाव (पिंक बोलवर्म) टाकून शोध, प्रबंध फुकट डाउनलोड होतात. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं २०१३ मध्येच धोरण केलं की आपल्या संस्थांचं संशोधन लोकांसाठी खुलं असावं, आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था त्याच परिषदेची आहे. एखादा पेपर पैसे मागत असेल तर पैसे भरू नका, पेपरवर लेखकाचा ईमेल असते, त्यावर मागा, बहुतेक जण पाठवतात.

अडचण भाषेची आहे, सगळं इंग्रजीत. म्हणून पुढच्या वेळी कोणी नमुने न्यायला आलं की तीन गोष्टी फॉर्मवरच लिहून घ्या: संस्थेचं नाव, फोन नंबर, आणि निकाल मराठीत कधी कळवणार. कृषी विज्ञान केंद्राच्या लोकांसमोर हे मागा, ते तुमचं मागणं पुढं नेऊ शकतात. फुकटात तुमचा वेळ नि माल घेतात, एवढं मागणं काही जास्त नाही.

प्रश्न: मी धानोरा तालुक्यातली, एमएस्सी करते. आमच्या भागातल्या सिकलसेलवर (आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार) प्रोजेक्ट केला आहे, पन्नासेक घरांची माहिती आहे. नावं काढून टाकली तर हा डेटा खुला करता येईल ना?

उत्तर: ताई, नको. असा नको.

नावं काढली तरी लोक ओळखू येतात. गाव छोटं, त्यात २३ वर्षांची, अमुक समाजाची, दोन भाऊ असलेली मुलगी एकच असते. तिच्यासमोर वाहक की पीडित ते लिहिलेलं असलं की गावात नि पाहुण्यांत कळायला वेळ लागत नाही, आणि आपल्याकडं सिकलसेलवरून लग्नं मोडतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. एकदा खुलं झालेलं परत झाकता येत नाही.

मग करायचं काय? गावाऐवजी तालुका किंवा जिल्हा लिहा, वयाऐवजी वयोगट, आणि ज्या गटात दोन-चारच माणसं आहेत ते गट एकत्र करा. असे एकत्रित तक्ते, प्रश्नावली आणि तपासणीची पद्धत खुशाल खुली ठेवा. घराघराची माहिती कॉलेजच्या एथिक्स कमिटीनं परवानगी दिली त्याच हद्दीत राहू द्या, कोणा संशोधकाला हवीच असेल तर कमिटीमार्फत मागू दे. आणि संमतीपत्र पुन्हा काढून वाचा, त्यात डेटा दुसऱ्यांना देण्याबद्दल लिहिलंच नसेल तर त्या माणसांनी त्याला होकार दिलेला नाही.

तुमच्याच पत्रात शेवटी जंगलातल्या औषधी कंदांच्या जागा जीपीएसनं नोंदवल्याचं आहे. त्या जागाही अचूक टाकू नका, उपटून नेणारे तेच शोधत असतात. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानं गावाच्या जैवविविधता समितीकडं लोक जैवविविधता नोंदवही असते, आधी समितीशी बोला, काय बाहेर जाऊ द्यायचं ते त्यांना ठरवू द्या.

प्रश्न: वाशिमहून विचारतो, वर्णन मराठीत लिहिलं तर चालते का? आमच्याकडं सगळं कृतीदेवमध्ये टाइप केलेलं आहे.

उत्तर: मराठी चालते, झेनोडोवर कोणतीही भाषा चालते, फक्त शीर्षक नि चार ओळींचा सारांश इंग्रजीतही द्या म्हणजे बाहेरच्यांना शोधता येईल. कृतीदेव मात्र चालत नाही, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की सगळी अक्षरं बिघडतात आणि शोधात तर काहीच सापडत नाही. कन्व्हर्टरनं युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटर-मोबाइलवर सारखी दिसणारी अक्षरं, करून घ्या, जोडाक्षरं नि रफार डोळ्यांनी तपासा, तिथं चुका राहतात. आणि एक्सेलमधून सेव्ह करताना साधं सीएसव्ही निवडू नका, यादीत सीएसव्ही यूटीएफ-८ असा वेगळा पर्याय आहे तो घ्या, नाहीतर सगळ्या मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात.