चागासची एक अँटीबॉडी चाचणी पॉझिटिव्ह आली, म्हणजे आजार आहेच का?

तुमचा प्रश्न असा : टेक्सासमध्ये रक्तदान केलं आणि रक्तपेढीकडून चागासची (मुख्यतः लॅटिन अमेरिकेत आढळणारा, रक्त पिणाऱ्या किड्यांमार्फत पसरणारा परजीवीचा आजार) चाचणी पॉझिटिव्ह आल्याचं पत्र आलं. दक्षिण अमेरिकेत कधी गेला नाहीत. लहानपणी बिहारमध्ये असताना काळा आजार झाला होता. निकाल कितपत खरा मानायचा?

एवढ्यावरून निदान होत नाही. जुना संसर्ग ठरवायला वेगळ्या पद्धतीच्या किंवा वेगळे अँटिजेन (परजीवीचे, अँटीबॉडी ज्यांना चिकटतात ते भाग) वापरणाऱ्या दोन चाचण्या पॉझिटिव्ह याव्या लागतात. दोघींचं जुळलं नाही तर तिसरी.

हिशेब करून बघा. समजा १ लाख रक्तदात्यांत १०० जणांना खरोखर संसर्ग आहे आणि चाचणी दोन्ही बाजूंनी ९९ टक्के अचूक आहे. खरे ९९ सापडतील, पण निरोगी ९९,९०० पैकी ९९९ जणही पॉझिटिव्ह येतील. म्हणजे अकरा पॉझिटिव्हमागे जेमतेम एक खरा. हीच चाचणी बोलिव्हियातल्या, मातीच्या घरात विंचुका (चागास पसरवणारे) किडे असणाऱ्या गावात केली तर बहुतेक पॉझिटिव्ह खरेच निघतील.

दुसरी चाचणी पहिलीसारख्याच कारणाने फसणारी नको, आणि तुमच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. काळ्या आजाराचा परजीवी लिश्मानिया हा चागासच्या परजीवीचा, म्हणजे ट्रायपॅनोसोमा क्रुझीचा, जवळचा भाऊबंद. अख्खा परजीवी फोडून केलेल्या अँटिजेनच्या एलायझा या अँटीबॉडी चाचणीत लिश्मानियाविरुद्धच्या अँटीबॉडीही चिकटतात. इम्युनोफ्लुरोसन्समध्येही (चमकणाऱ्या रंगाने अँटीबॉडी दाखवणारी चाचणी) तेच होतं. दोन्ही पॉझिटिव्ह आल्या तरी तीच चूक दोनदा झालेली असू शकते. म्हणून एक चाचणी रिकॉम्बिनंट (अख्ख्या परजीवीऐवजी प्रयोगशाळेत बनवलेल्या निवडक) अँटिजेनची मागा आणि काळ्या आजाराबद्दल डॉक्टरांना आधीच सांगा. प्रयोगशाळेकडून नुसतं 'पॉझिटिव्ह' न घेता कट-ऑफशी (ज्या आकड्यापुढे पॉझिटिव्ह धरतात ती सीमा) असलेलं गुणोत्तरही लिहून घ्या. ते १ च्या जवळपास असेल तर निकाल संशयास्पद धरायचा. आयजीएम (संसर्गात आधी तयार होणाऱ्या अँटीबॉडीच्या) चाचणीवर पैसे घालवू नका, तिचा भरवसा नाही.

चूक उलट्या बाजूनेही होते. संसर्गानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आयजीजी (या चाचण्या शोधतात ती टिकाऊ अँटीबॉडी) तयार झालेली नसते. तेव्हा ताज्या रक्तात परजीवी सूक्ष्मदर्शकाखाली शोधायचा किंवा पीसीआर (परजीवीचा डीएनए शोधणारी चाचणी) करायची. प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णांत अँटीबॉडी कमी पडू शकतात. मेक्सिकोतल्या रुग्णांत काही चाचणी-किट कमी पडतात, म्हणजे खरा संसर्गही निसटतो. नवजात बाळात आईचीच आयजीजी दिसते, म्हणून ही चाचणी ९ महिन्यांनंतर करतात.

पीसीआर निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नका. जुन्या संसर्गात रक्तात परजीवी इतके थोडे असतात की नमुन्यात सापडतीलच असं नाही.

दोन्ही चाचण्या पक्क्या पॉझिटिव्ह आल्या तर ईसीजी काढा आणि बेंझनिडाझोल या चागासवरच्या औषधाबद्दल डॉक्टरांशी बोला. उपचार झाल्यावरही प्रौढांमध्ये अँटीबॉडी अनेक वर्षं राहतात, त्यामुळे सहा महिन्यांनी पुन्हा पॉझिटिव्ह आली म्हणून औषध फसलं असं समजू नका.