पाककृती गाळून वाचू नका

अरब-अमेरिकी साहित्य नव्याने वाचायला घेत असाल, तर डायना अबू-जाबर यांच्या २००५ सालच्या ‘द लँग्वेज ऑफ बकलावा’ या आठवणींपासून सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सांगेन. त्यातील पाककृती सजावट समजून ओलांडू नका. जॉर्डनहून अमेरिकेत आलेले वडील मागे राहिलेले घर आणि गोतावळा स्वयंपाकातूनच मुलींसमोर पुन्हा उभा करतात, आणि आपण नेमक्या कुठल्या, हा प्रश्न लेखिकेला त्याच ताटासमोर पडतो. मग त्यांची ‘क्रेसेंट’ ही कादंबरी घ्यावी. तिच्यात लॉस एंजेलिसमधल्या लेबनीज कॅफेत रांधणारी सिरीन वडिलांच्या इराकशी नाते जोडते, तेही चवीतून. वाचताना कोण, कोणासाठी रांधते याची नोंद ठेवा. मला तिचा फार उपयोग झाला.