नाशिकहून बर्लिनला लॅब्राडोर एकटा पाठवायचाय त्याबद्दल

नमस्कार ताई, तुम्ही लिहिलंय की मिस्टर सप्टेंबरमध्ये बर्लिनला जॉईन होणार, तुम्ही मुलीची सहामाही उरकून डिसेंबरच्या मध्यात निघणार, आणि घरचे सगळे म्हणतायत की ब्रुनोला कुणाला तरी देऊन टाका, सहा वर्षांचा ३१ किलोचा कुत्रा एकटा विमानात कसा जाईल. मी पुण्याहून जर्मनीतल्या माइन्त्सला आले, आमची चिंगी माझ्यानंतर आली, कार्गोने, एकटी. ती आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडलेली गावठी, २१ किलोची. आमच्याकडेही आई हेच म्हणत होती की मुक्या जनावराला कशाला एवढा त्रास. म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आधी भीतीचं. विमानाच्या पोटातल्या ज्या कप्प्यात (होल्डमध्ये) जिवंत प्राणी ठेवतात तिथे हवेचा दाब वर केबिनमध्ये असतो तसाच असतो आणि तापमानही कंट्रोल केलेलं असतं, सामानाच्या ढिगात टाकून देतात असं काही नसतं. अंधार असतो आणि आवाज असतो, एवढं खरं. मुंबई ते फ्रँकफर्ट डायरेक्ट साधारण नऊ तास. धडधाकट लॅब्राडोर हे सहन करतो. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना मात्र बऱ्याच एअरलाईन घेतच नाहीत, त्यांना श्वासाचा त्रास होतो म्हणून. तुम्हाला तो प्रश्न नाही. विमानापेक्षा तुम्ही तारखांची काळजी करा, कारण आमचं सगळं तिथेच अडलं होतं.

क्रम असा असतो की आधी मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवायची ओळख नंबराची चिप, मग रेबीजची लस, मग किमान ३० दिवसांनी रक्त, आणि रक्त काढल्याच्या तारखेपासून पूर्ण ३ महिने थांबायचं. रेबीजचा धोका कमी मानलेल्या देशांची युरोपियन युनियनची (ईयूची) यादी आहे, भारत त्यात नाही म्हणून ही रक्ताची टेस्ट लागते, टायटर टेस्ट म्हणतात, त्यात रेबीजची अँटीबॉडी ०.५ आययू प्रति मिली किंवा जास्त यायला हवी आणि लॅब ईयूने मान्य केलेलीच हवी. आता तुम्ही म्हणताय ब्रुनोला मार्चमध्ये रेबीजचं इंजेक्शन दिलंय आणि चिप अजून बसवलेली नाही. ताई, मग ते मार्चचं इंजेक्शन ईयूवाले हिशोबात धरत नाहीत, चिपच्या आधी दिलेली लस म्हणजे ती याच कुत्र्याला दिली याचा पुरावा नाही असं ते मानतात. त्यामुळे या आठवड्यातच चिप बसवा, १५ आकडी आयएसओवाली, आणि चिप स्कॅनरवर वाचून झाली की त्याच दिवशी पुन्हा रेबीजची लस द्या. १५ डिसेंबरला निघायचं तर रक्त उशिरात उशिरा १४ सप्टेंबरला निघायला हवं आणि लस ऑगस्टच्या मध्याच्या आत. आज जुलैचा पहिला आठवडा आहे म्हणजे हातात महिनाभर जास्तीचा आहे, तो राखून ठेवा, कारण रिपोर्ट कमी आला तर पुन्हा लस, पुन्हा रक्त, पुन्हा तीन महिने.

आमच्या बाबतीत काय झालं ते सांगते. चिप, लस, रक्त सगळं वेळेवर झालं, रिपोर्टही छान आला, पण क्लिनिकमध्ये फॉर्म भरताना चिपच्या नंबरातले दोन आकडे उलटसुलट लिहिले गेले आणि लॅबने तोच नंबर रिपोर्टवर छापला. कुणाच्याच लक्षात नाही आलं, माझ्याही नाही, निघायच्या दहा दिवस आधी प्राणी पाठवायचं काम करणाऱ्या एजंटने कागद ताडून बघितले तेव्हा कळलं. क्लिनिकचं पत्र, मग लॅबचा दुरुस्त रिपोर्ट, यात तारीख गेली. नवरा आधीच तिकडे होता, मला नोकरीवर हजर व्हायचं होतं, मी रडत रडत विमानात बसले आणि चिंगी आईकडे राहिली. म्हणून कळकळीने सांगते, रक्त काढायच्या दिवशी स्वतः समोर उभ्या राहा, स्कॅनरवरचा नंबर मोबाईलमध्ये फोटो काढून घ्या आणि फॉर्म, लसीचं कार्ड, ट्यूबवरचं लेबल, तिन्हीकडे एकेक आकडा मोठ्याने वाचून बघा. रिपोर्ट आल्यावर परत.

त्यात अजून एक भर पडली, पाच दिवसांचा नियम. ईयूमध्ये पाळीव प्राणी म्हणून साध्या कागदांवर कुत्रा आणायचा तर मालकाचा प्रवास आणि कुत्र्याचा प्रवास यात पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नाही, आधी असो की नंतर. त्याहून जास्त झालं की तो व्यापारी माल धरला जातो, त्याचं सर्टिफिकेट वेगळं, तपासणी वेगळी, खर्च वेगळा. मी तर महिनाभर आधी येऊन बसले होते. शेवटी मी आठ दिवसांची रजा काढून पुण्याला परत गेले, फक्त तिच्यासाठी. कार्गोत जागा मिळाली गुरुवार रात्रीची आणि माझं परतीचं तिकीट शुक्रवारचं, म्हणून ती एक दिवस आधी एकटी गेली आणि नवऱ्याने फ्रँकफर्टला उतरवून घेतली.

तुमच्याकडे मिस्टर सप्टेंबरमध्ये जाणार आणि ब्रुनो डिसेंबरमध्ये, म्हणजे त्यांच्या नावावर कागद केले तर तुमचंही हेच होईल. लसीचं कार्ड, चिपचं रजिस्ट्रेशन, सर्टिफिकेट, सगळं तुमच्या नावावर करा आणि तुमचं तिकीट ब्रुनोच्या तारखेच्या पाच दिवसांच्या आत ठेवा. तिकिटाची प्रत कागदांबरोबर लागते. मिस्टर तिकडे घ्यायला जाणार असतील तर त्यांच्या नावाने तुमचं सहीचं अधिकारपत्र हवं.

भारतातून निघताना एक्यूसीएस, म्हणजे सरकारी पशु क्वारंटाईन खात्याचं सर्टिफिकेट लागतं, मुंबईत त्यांचं ऑफिस आहे. आपल्या डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट घेऊन तिथे अर्ज करायचा. ईयूचं हेल्थ सर्टिफिकेट असतं त्यावर सरकारी पशुवैद्यकाची सही शिक्का लागतो, ते इंग्रजी आणि ज्या देशात उतरणार तिथल्या भाषेत म्हणजे जर्मनमध्ये असावं लागतं, आणि सहीपासून उतरेपर्यंत १० दिवसच चालतं. त्यामुळे हे काम शेवटच्या आठवड्यात येतं, तुम्हाला नाशिक-मुंबई फेऱ्या पडतील. इथे मात्र एजंट घ्या. मी तीन जणांकडून कोटेशन मागवलं, सगळ्यात महागडा स्वस्तवाल्याच्या जवळजवळ दुप्पट सांगत होता आणि काम तेच. विचारताना क्रेट (प्रवासाचा पिंजरा), एक्यूसीएस, एअरलाईनचं भाडं, फ्रँकफर्टच्या तपासणीची फी, कस्टम्स, हे वेगवेगळं लिहून मागा.

भाडं कुत्र्याच्या वजनावर नाही लागत हे मला आधी माहीत नव्हतं. क्रेटची लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ६०००, आणि ते किंवा खरं वजन यातलं जे जास्त ते धरतात. चिंगीचा क्रेट १०० बाय ६७ बाय ७५ चा होता म्हणजे जवळपास ८४ किलो, कुत्री २१ किलोची! तरी लहान क्रेट घेऊन पैसे वाचवायला जाऊ नका, एअरलाईन काउंटरवरून परत पाठवते. माप आयाटाच्या, म्हणजे विमान कंपन्यांच्या संघटनेच्या नियमाने घ्यायचं. लांबी म्हणजे नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत, अधिक जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचं अर्धं. रुंदी म्हणजे खांद्यांच्या रुंदीच्या दुप्पट. उंची म्हणजे उभा असताना डोक्यापर्यंत, किंवा कान उभे असतील तर कानाच्या टोकापर्यंत, वर अंथरुणाची जाडी. आमच्या चिंगीचे कान ताठ, त्यामुळे एक साईज वरचा घ्यावा लागला. क्रेटला चारही बाजूंनी हवा हवी, दोन भाग जोडायला धातूचे नटबोल्ट हवेत, चाकं काढलेली हवीत, पाण्याचं भांडं दार न उघडता बाहेरून भरता यायला हवं.

आणि क्रेट आत्ताच घ्या ताई, डिसेंबरमध्ये नको. सगळं कागदपत्र एकीकडे आणि हे एकीकडे, मला विचाराल तर ब्रुनोसाठी हेच जास्त महत्त्वाचं. आईने चिंगीचा क्रेट हॉलमध्ये दार काढून ठेवला होता, जेवण त्यातच द्यायची, दुपारी ती आपणहून आत जाऊन झोपायला लागली, मग दार लावून पाच मिनिटं, मग अर्धा तास, मग रात्रभर, मग क्रेटसकट गाडीत घालून भाऊ कात्रजपर्यंत चक्कर मारून आणायचा. हळूहळू तो डबा तिचा स्वतःचा झाला होता. झोपेची गोळी मात्र कुणीही कितीही सांगितलं तरी देऊ नका, उंचावर रक्तदाब आणि श्वास यावर परिणाम होतो, तोल जातो, आणि गुंगीतला कुत्रा एअरलाईन स्वीकारत नाही.

जायच्या दिवशी जड जेवण नको, काही तास आधी थोडंसं द्या, पाणी मात्र तोडू नका. भांड्यात आदल्या रात्री पाण्याचा बर्फ करून ठेवा, सांडत नाही आणि हळूहळू वितळतो. अंथरुणाखाली पाणी शोषणारे पॅड घाला आणि तुमचा न धुतलेला एक टीशर्ट. मुंबई विमानतळाच्या सहारच्या कार्गोला कित्येक तास आधी पोचावं लागतं, तिथे कुत्र्याला बाहेर काढून रिकामा क्रेट तपासतात, त्यामुळे घट्ट पट्टा आणि दोरी हातात हवी, त्या गोंगाटात कुत्रा बिथरतो. तिथेच शेवटचं शू करवून घ्या. मग दार लागतं, एअरवे बिल म्हणजे कार्गोची पावती मिळते, त्यावरच्या नंबराने विमान कुठे आहे ते बघता येतं. मी ती रात्र तो नंबर बघत काढली, झोप लागली नाही, तुम्हालाही लागणार नाही.

फ्रँकफर्टला कार्गोच्या प्राण्यांसाठी वेगळं अॅनिमल लाउंज आहे, तिथे सरकारी पशुवैद्यक चिप स्कॅन करून कागद बघतात, मग कस्टम्स. घर हलवताना सहा महिन्यांहून जास्त काळ तुमच्याकडे असलेला कुत्रा घरच्या सामानात धरतात, ड्युटी लागत नाही, त्यासाठी जुनी लसीची कार्डं जपून ठेवा. नवऱ्याला बाहेर चारेक तास बसावं लागलं. तिथून बर्लिन पाच-सहाशे किलोमीटर आहे, मिस्टरांना म्हणावं गाडीच भाड्याने घ्या, त्या दिवशी त्याला ट्रेनच्या गर्दीत नेऊ नका.

बर्लिनला कुत्र्याचा कर असतो, हुंडेश्टॉयर, पहिल्या कुत्र्याला वर्षाला १२० युरो, आणि कुत्र्याने कुणाला इजा केली तर त्याचा विमा तिथे सक्तीचा आहे. पण त्याही आधी घर. भाड्याचा करार सही करायच्या आधी मालकाला ३१ किलोचा लॅब्राडोर आहे हे लेखी सांगा आणि त्याचं हो लेखी घ्या. मिस्टर सप्टेंबरमध्ये घर बघतील तेव्हाच हे करायचंय, नंतर सांगू म्हणाल तर अवघड होईल.

चिंगीचं म्हणाल तर, मी शनिवारी सकाळी पोचले तेव्हा ती क्रेटमध्येच बसलेली होती, दार उघडं असून. नवरा म्हणाला आल्यापासून पाणी प्यायली, पण खाल्लं नाही. मी खाली बसले, ती बाहेर आली, माझा हात हुंगला आणि मग कितीतरी वेळ नुसती कुईंकुईं करत मांडीत डोकं खुपसून राहिली. त्या दुपारी दहीभात खाल्ला. दोन दिवस खाली नेलं की थंडीने थरथरायची, म्हणून ब्रुनोसाठी एक जाड कोट मिस्टरांना आधीच आणून ठेवायला सांगा, डिसेंबरात बर्लिनला लागेलच. चिपचं बुकिंग झालं की तारीख मला कळवा, मी पुढच्या सगळ्या तारखा तुम्हाला मोजून देते.